बसर्गे सरांचा ह्यूब्रिस

आमच्या गल्लीतले बसर्गे सर नमस्काराला नमस्कार करत नाहीत. माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि निदान सांगतात, "ह्यूब्रिस झालाय तुला."

सर इंग्रजीचे निवृत्त मास्तर. ह्यूब्रिस म्हणजे अतिगर्व, हे आता दूधकट्ट्यावरच्या म्हशींनासुद्धा पाठ झालंय. "शब्द मूळचा ग्रीक हाय. माणूस माजला की देव त्याला उतरवतोय, व्हय की न्हाय?" कुणी बुलेट घेतली, ह्यूब्रिस. कुणी चौकात वाढदिवसाला आपल्याच फोटोचा फ्लेक्स, म्हणजे डिजिटल बोर्ड लावला, ह्यूब्रिस. माझ्या बायकोनं आपल्याच झुणक्याची तारीफ केली, तर ताट पुन्हा पुढं करत सरांनी तिलाही तेच ऐकवलं. या साथीतून सुटलेला गावात एकच माणूस, तो म्हणजे सर स्वतः. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून.

त्यांच्या मुलानं, संदीपनं, हेच डिजिटल बोर्ड छापायचं दुकान काढलं. उद्घाटनाला वडिलांनी नारळ फोडून दोन शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा. सर सुटलेच. "ज्याला स्वतःचं नाव इंग्रजीत धड लिवता येत न्हाय, त्यो आता गावाची थोबाडं मोठी करून टांगणार." पाहुणे पोट धरून हसले, तसा सरांना आणखी चेव आला. संदीपचे सासरे पहिल्याच रांगेत बसले होते. थोड्याच दिवसांत संदीपनं दुकान कागलला हलवलं आणि बापाशी बोलणं टाकलं. सरांची मला काडीचीही कीव आली नाही.

परवा मी कागलला निघालो, तर सर स्कूटरजवळ येऊन उभे. "मलाबी घेऊन चल."

हायवेवर पाठीमागून म्हणाले, "तुमाला अर्धाच अर्थ सांगितला मी. जुन्या ग्रीकांत ह्यूब्रिस म्हंजे नुसता गर्व न्हवता. चारचौघांत एखाद्याची अब्रू काढायची, आन् ती का, तर आपल्याला मजा येती म्हणून. खटला चालायचा त्यावर." मी आरशात बघितलं. सरांची मान खाली होती.

दुकानात गर्दी होती. बाप म्हणून सरळ आत जायचं, तर सर गिऱ्हाइकांच्या मागं जाऊन उभे राहिले. पाळी आली तेव्हा संदीपनं वर बघितलं. बापाला बघून त्याचा चेहरा क्षणभर हलला. मग कुणाही अनोळखी माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं, "काय पायजे, पावणं?"

सरांनी काउंटरवरचा एक छापील नमुना उचलला आणि परत जागेवर ठेवला. त्यांच्या वतीनं मीच पुढं होऊन काहीतरी बोलणार होतो.

"काय न्हाय," सर शेवटी म्हणाले. "बसू का जरा हितं?"

संदीप कॉम्प्युटरकडे वळला. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. स्टूल शेजारीच होतं, पण सर परवानगीची वाट बघत उभेच राहिले.