मोठी बाटली, बारकी बाटली

धर्मेशने माळ्यावर बिअर ठेवली होती ती पिण्यासाठी नव्हे, जुनी करण्यासाठी. तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता आणि तिथे सोबत काम करणाऱ्या सुजीतशी त्याचा वाद झाला होता. धर्मेशचं म्हणणं, बाटली मोठी असो की बारकी, बुचाखाली अडकणारी हवा साधारण तेवढीच. म्हणजे बारकीतल्या थोड्या बिअरला ती जास्त बाधणार आणि बारकीची चव आधी उतरणार. "बाटलीवर काय असतं रे? बिअर ती बिअर!" सुजीत म्हणाला. म्हणून धर्मेशने एकाच वेळी भरलेल्या दोन्ही मापांच्या बाटल्या आणून वर्षभर गाद्यांमागे दडवल्या. बायकोला, रिद्धीला, पत्ता नव्हता. तिच्या वडिलांनी, दामूमामांनी, लेकीच्या लग्नात दारू सोडली होती आणि घरात बाटली दिसली तर मी माहेरी, असं तिने बजावलं होतं.

मे महिन्यात सासू-सासरे सातपाटीहून बोईसरला आले आणि भर दुपारी, पत्र्याखालच्या उकाड्यात, एक बारकी बाटली फुटली.

"भूकंप!" शेजारच्या जयवंतीबाई ओरडल्या. धक्क्यांची सवय असलेली चाळ क्षणात अंगणात उतरली. मागोमाग आंबूस वास आला.

"भूकंप नाय, कंपनीचा ग्यास सुटलाय!" खालचा अंकुश म्हणाला. "धर्मेशभाऊ, तुमी तपासणीतले. कसला वास हाय?"

वास ओळखणारे अंगणात बरेच असावेत, पण बायकोसमोर कोणी बोलेना.

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," धर्मेश म्हणाला.

एवढ्यावर बंब आला, रुग्णवाहिका आली. मग सासूबाई, नलूमामी, किंचाळल्या, "अगो रिद्धी, तुजा बापूस वरच रेला!"

धर्मेश जिना चढून धावला. काय फुटलं ते बघायला मामा शिडीवरून माळ्यावर गेले होते. शेजारी एक मोठी आणि एक बारकी बाटली, दोन्ही रिकाम्या.

"मामा!"

"नलूला बोलू नको, जावय."

"तुम्ही रिद्धीला बोलू नका."

उरलेल्या बाटल्या गादीत गुंडाळून धर्मेशने मामांना खाली आणलं. शेवटच्या पायरीवर मामांचा तोल गेला.

"ग्यास लागला!" लोकांनी त्यांना उचलून रुग्णवाहिकेत घातलं.

"बाबा, काय होतंय?" रिद्धी रडत आत चढली. मागून मामी आणि धर्मेश.

"चढलाय," मामा खरं तेच बोलले. मग जावयाकडे वळून, मोठ्या मायेने म्हणाले, "मोठी अजून झकास हाय रे. बारकीला भिजल्या पुठ्ठ्याची चव."

"पुठ्ठा खाल्ला यांनी?" मामींनी कपाळ बडवलं. "डोक्यात गेला हो ग्यास!"

रुग्णालयात डॉक्टरांनी मामांना नळी लावून रात्रभर ठेवून घेतलं. उशाशी धर्मेश बसला होता. वाद तो जिंकला होता. पण जगात हे ठाऊक असलेले दोघेच, आणि त्यातला एक सलाईन लावून घोरत होता.