बेचिराख सराटेवस्ती

"असा अर्ज लिहितो, की सायबाच्या डोळ्यात टचकन पानी येईल," अजिनाथअण्णांनी देवळापुढं जाहीर केलं. शुगर फॅक्टरीच्या ऑफिसात त्यांनी वीस वर्षं अर्ज लिहिले होते, त्यामुळे या बाबतीत वस्तीवर त्यांचा शब्द शेवटचा असे.

प्रश्नही पाण्याचाच होता. सराटेवस्ती म्हणजे कर्जत तालुक्याच्या माळावर विखुरलेली साठ-सत्तर घरं. एका घरातून हाक मारली तर शेजारच्या घरी ती फक्त कुत्र्याला ऐकू जायची. वस्ती सहा किलोमीटरवरच्या गावाच्या ग्रामपंचायतीत मोडायची आणि टँकर त्या गावातच रिकामा व्हायचा. स्वतःची ग्रामपंचायत झाली तरच नळ येणार होता. ती झाल्यावर पहिला सरपंच कोण, हे अण्णांच्या मनात केव्हाच ठरलेलं होतं. त्यासाठी त्यांनी मिरजगावच्या बाजारातून जाकीटही आणून ठेवलं होतं.

अर्जात अण्णांनी जीव ओतला. शेवटी लिहिलं, 'पाण्याविना आमची वस्ती बेचिराख झाली आहे, तरी स्वतंत्र ग्रामपंचायत मिळावी.'

सरकारी दप्तरात बेचिराख म्हणजे जिथं एकही माणूस राहत नाही असं गाव, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरानं उत्तर आलं, 'आपल्याच अर्जानुसार गाव निर्मनुष्य असल्याने ग्रामपंचायतीची आवश्यकता दिसून येत नाही.'

"म्हंजी आपुन न्हाईच का काय?" टेम्पोवाल्या बिभीषणनं स्वतःकडे बघत विचारलं.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दुसरा अर्ज ठोकला, 'साहेबांनी स्वतः येऊन खात्री करावी.' पण उत्तराची वाट बघायचा धीर कुणाला होता? "कागदावर इस्वास न्हाई ना? मग मानसंच नेऊन उभी करू," ते म्हणाले.

मंगळवारी बिभीषणच्या टेम्पोनं सकाळपासून खेपा करून अख्खी वस्ती तालुक्याला नेली. मागं राहिल्या फक्त म्हाताऱ्या रंगुबाई, कारण त्यांचे गुडघे टेम्पोत चढायला तयार नव्हते. शेवटच्या खेपेला समोरून सरकारी जीप आली. अण्णांनी टेम्पो खाली घ्यायला लावून तिला वाट दिली आणि अदबीनं नमस्कारही केला. आतल्या साहेबांनीही केला. ते सराटेवस्तीची खात्री करायला निघाले होते.

वस्तीवर साहेबांना ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या रंगुबाई दिसल्या.

"आजी, बाकीचे लोक कुठं आहेत?"

"समदी गेली, बाबा. मी एकलीच ऱ्हायलीय."

साहेबांचा आवाज खाली आला. "कशानं गेली?"

"टेम्पोनं."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "परत कधी येणार?"

"काम झालं की येतील."

म्हणजे ऊसतोडीला गेले, असं साहेबांनी ताडलं आणि पंचनाम्यात लिहिलं, 'वस्तीवर रंगुबाई नावाची एकच महिला राहते.' खाली रंगुबाईंचा अंगठा घेतला.

तिकडं सगळी वस्ती संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या अंगणात साहेबांची वाट बघत बसली. साहेब परत आले, तेव्हा तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. निर्मनुष्य गावातली एवढी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

मग तारीख ठरवून फेरतपासणी झाली. त्या दिवशी अण्णांनी कुणाला शेतातसुद्धा जाऊ दिलं नाही. डोकी मोजली गेली, ग्रामपंचायत मंजूर झाली, आणि सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. सरकारी कागदावर वस्तीची पहिली रहिवासी म्हणून ज्यांचं नाव लागलं होतं, त्या रंगुबाई बिनविरोध निवडून आल्या. अण्णांनी जाकीट ट्रंकेत ठेवलं. वाईट वाटलं, पण नळ तरी येणार होता.

नळ खरंच आला. जोडणीसाठी सरपंचाचा रहिवासी दाखला हवा होता, म्हणून अण्णा स्वतःच्या हस्ताक्षरातला अर्ज घेऊन रंगुबाईंच्या ओट्यावर गेले.

रंगुबाईंनी अर्ज पुन्हा एकदा वाचायला लावला.

"अजिनाथा," त्या म्हणाल्या, "हितं माज्याबिगर कुनी ऱ्हात न्हाई म्हनून मीच अंगठा दिलाय. आता तू ऱ्हातुयास म्हनून दुसरा अंगठा देऊन म्हातारपनी खोटी पडू व्हय?"