खास आपल्यासाठी बुडवलेलं

समुद्रातून काढलेल्या टाकाऊ जाळ्यांत काय काय असतं हे तपासणं, हे सरकारी प्रयोगशाळेतल्या एका बाईंचं काम. सगळे त्यांना जाळेबाई म्हणत. जाळ्याचा तुकडा धुवायचा, सुकवायचा, वितळवायचा आणि लिहायचं : यात नायलॉन आहे, शिसं आहे, समुद्रात राहिलं तर तंतू माशांच्या पोटात जातात. हा निष्कर्ष दरवर्षी सन्मानपूर्वक कपाटात जाई. बाईंच्या हातांना येणाऱ्या वासामुळे त्यांच्या वहिनी जेवताना एक खुर्ची सोडून बसत.

मग एका व्यापाऱ्याने टाकाऊ जाळ्यांच्या झोकदार पिशव्या काढल्या. वर अक्षरं : 'समुद्र वाचवा'. पिशवीचं जाळं खरोखर समुद्रात पडलेलं होतं, असा दाखला प्रयोगशाळेने द्यायचा होता. साहेब खूश झाले. बाईंना खिडकीची खोली मिळाली. वहिनीही आता खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "ताई, माझ्यासाठी एक बघा ना."

पिशव्या इतक्या खपल्या की समुद्र साफ झाला, आणि तिथेच घोडं अडलं.

व्यापाऱ्याने आणलेला नवा तुकडा बाईंनी नखाने खरवडला. "हे कोरं आहे. याने समुद्र पाहिलेलाच नाही."

"मग किती राहायला हवं?" व्यापाऱ्याने नम्रपणे विचारलं.

"शेवाळ धरायला, शिंपले चिकटायला वर्षभर तरी लागतं," बाई सरळ मनाने बोलून गेल्या.

साहेबांनी लगेच परिपत्रक काढलं : 'वर्षापेक्षा कमी बुडालेले जाळे टाकाऊ समजण्यात येऊ नये.'

व्यापारी नियमाने चालणारा माणूस. त्याने कारखान्यातून कोरी जाळी उचलली आणि होड्या भरभरून समुद्रात सोडली. थोड्याच दिवसांत एक म्हातारा मच्छीमार प्रयोगशाळेत आला.

"साहेब, समुद्रात सोडलेल्या नव्या जाळ्यांत आमच्या होडीचा पंखा अडकतोय. मासे नुसतेच त्यात अडकून मरतायत. काढून टाकू का ती जाळी?"

"हात लावू नका," साहेब म्हणाले. "ती अजून टाकाऊ झालेली नाहीत."

म्हातारा गेल्यावर बाई म्हणाल्या, "साहेब, आपल्यामुळे समुद्र घाण होतोय."

"बाई, घाण झाल्याशिवाय तो वाचवणार कसा?"

बाईंना राहवेना. त्यांनी सगळा प्रकार वर्तमानपत्राला सांगून टाकला. लोक आता पिशव्या दुकानदाराच्या तोंडावर फेकतील, अशी त्यांची खात्री होती. छापून आलं त्याच दिवशी वहिनी घरी आल्या. पिशवी काखेत दडवलेली, चेहरा उतरलेला.

"ताई, म्हणजे माझी खोटी?"

"खोटी नाही वहिनी, अगदी खरी. तेच तर वाईट आहे. तुमच्यासाठी चांगलं कोरं जाळं मुद्दाम समुद्रात बुडवलं त्यांनी."

वहिनींनी मान खाली घालून काखेतल्या पिशवीकडे पाहिलं. चला, निदान एका माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला, असं बाईंना वाटलं.

"मुद्दाम? माझ्यासाठी?" वहिनी म्हणाल्या, आणि काखेतली पिशवी काढून त्यांनी ती चारचौघांना दिसेल अशी खांद्याला लावली.

बाईंनी बदली मागितली. काम वाढल्यामुळे ती नामंजूर झाली. दुकानांवर आता पाटी आहे : 'खास आपल्यासाठी बुडवलेलं.' पुढच्या हंगामाचा माल परवाच समुद्रात सोडला. हे वाचून तुम्हाला हळहळ वाटली असेल, तर उत्तमच. पिशवी हळहळणाऱ्यांसाठीच काढली आहे. रंग कोणता हवा, तेवढं सांगून ठेवा.