रखमाजी अस्वलाची गाठ

मुलांनो, पोटं आत घेऊन बसा. आजची गोष्ट पोटाचीच आहे.

एका जंगलात औषधी पाल्यापेक्षा सल्लेच जास्त उगवायचे. तिथं रखमाजी नावाचं अस्वल राहत होतं. लठ्ठ होतं. चांगलंच लठ्ठ. बसायला लागलं की पोट आधी बसायचं, मग ते.

एकदा त्याच्या उजव्या कुशीत दुखू लागलं. वैद्यांनी चाचपून सांगितलं, "यकृतावर गाठ आहे. काढावी लागेल."

पूर्वी त्या जंगलात ऑपरेशनं वाघ करायचा. इथून तिथपर्यंत पोट फाडायचा. रोगी महिना महिना उठत नसे. हल्ली मात्र डॉक्टर टकटके आले होते. हे सुतारपक्षी. पोटाला चार बारीक भोकं पाडायचे आणि त्यातूनच गाठ काढायचे. रोगी चौथ्या दिवशी घरी!

रखमाजी बायकोला, भिवराबाईला, घेऊन त्यांच्याकडे गेला. डॉक्टरांनी पोट पाहिलं आणि मान हलवली.

"चरबी फार आहे. चोच पोचायची नाही. यकृतावरही चरबी असणार, रक्त जाईल. बारीक होऊन या."

"आणि गाठ?" भिवराबाईनं विचारलं.

"ती नंतर बघू. बाई, माझा आजवर एकही रोगी बिघडलेला नाही. सगळे ससे आणि हरणं."

रखमाजीनं मध सोडला. गवत खाल्लं. शेजारीपाजारी रोज येऊन बघायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं कमी खा."

दोन महिन्यांत तो मूठभर उतरला. गाठ मात्र बोराएवढी होती ती आवळ्याएवढी झाली.

"भिवरे," तो रडवेला होऊन म्हणाला, "एवढी एकच गोष्ट वाढायला नको होती गं."

भिवराबाई उठली आणि त्याला घेऊन तळ्यावरच्या डॉक्टर करकोचेबाईंकडे गेली. बाईंची चोच लांब, बोलणं तुटक.

"वेळ लागेल. रक्तही जरा जास्त जाईल. पण करू."

"पण ते लठ्ठ आहेत हो."

"म्हणूनच. एवढं पोट फाडलं तर जखम चिघळेल. बारीक भोकांची गरज सशापेक्षा त्यांनाच जास्त."

सशाचं ऑपरेशन दुपारपर्यंत आटपायचं. रखमाजीचं दिवस मावळेपर्यंत चाललं. बाहेर बसून भिवराबाईनं हाताला लागेल तेवढं गवत उपटलं. शेवटी बाई बाहेर आल्या, चोच धुतली आणि म्हणाल्या, "निघाली."

चौथ्या दिवशी रखमाजी चालत घरी गेला. अगदी सशासारखा. म्हणजे, वेगानं नव्हे.

पण टकटक्यांनी दरबारात तक्रार केली. "महाराज, बाई दुप्पट वेळ लावतात. जंगलाची सरासरी बिघडते!"

सिंहमहाराजांनी रखमाजीला बोलावलं. "दुप्पट वेळ लागला तो तूच का?"

"होय महाराज. मेलो असतो तर लवकर आटपलं असतं."

दरबार हसला. महाराजही हसले. मग त्यांनी टकटक्यांना मोरपीस दिलं आणि करकोचेबाईंकडून लेखी खुलासा मागवला.

बाईंना खुलासा लिहायला सवड झाली नाही. तळ्यावर एक जाडजूड रानडुकरीण कधीची ताटकळत बसली होती.

तात्पर्य: मुलांनो, ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर आधी ठणठणीत बरे व्हा. आजारी लोकांमुळे डॉक्टरांचा निकाल उगाच खराब होतो.