बारा पाण्यांचे अण्णा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात हे मला ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण शिंदे अण्णांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहीलसं दिसत नाही.

अण्णा बाटलीशी बोलत. बाटलीत एन्झाइम असे, मुळ्याच्या जातीतल्या एका मुळापासून काढलेलं. अण्णा त्याला 'अक्का' म्हणत. "अक्का, स्वल्प काम होतं," म्हटल्याशिवाय बाटली बर्फातून निघत नसे. तिच्यात पेरॉक्साइड थेंबाथेंबानं घालायचं. मी एकदा सगळं एकदम ओतलं आणि अक्का कायमच्या निकामी झाल्या.

"अरे, म्हातारीला एका घासात अख्खं जेवण भरवतोस काय?" अण्णा कळवळले.

बेंगळुरूच्या आमच्या प्रयोगशाळेतले ते सगळ्यात जुने तंत्रज्ञ. जनावरांना टोचलेलं औषध दुधात उतरलं तर पकडणारे प्लास्टिकचे बारीक दाणे आम्ही बनवतो. औषधाच्या रेणूभोवती एन्झाइम प्लास्टिक विणतं. मग औषध धुऊन काढायचं. मागे त्याच्याच मापाचा खळगा राहतो. अण्णांच्या भाषेत, "ओल्या सिमेंटवर कुत्रं बसलं. उठून गेलं की ठसा उरतो. त्यात तेच कुत्रं बसणार."

धुवायला मिथेनॉल असतं, पण अण्णा 'पाणी'च म्हणत. बारा पाणी. अकराव्याला कुणी थांबला की ते ओरडत, "कुत्रं अजून उठलेलं नाही रे!" पाहुण्या प्राध्यापकांसमोरसुद्धा.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा शेवटचे दाणे बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला गेले. निकाल ऐकूनच घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा. ते दाणे मी धुतले होते. गावची बस चुकेल म्हणून नऊ पाण्यांत उरकले आणि वहीत बारा लिहिले. तीन दिवस वही उघडून तोच आकडा बघत होतो. चौथ्या दिवशी सांगून टाकलं.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "परत मागव."

"पण मग निकाल तुमच्या निवृत्तीआधी..."

"मग काय, कुत्र्यासकट तपासायचं?"

दाणे परत आल्यावर ते स्वतः धुवायला बसले. मला शेजारी बसवून पाणी मोजायला लावलं. निरोपसमारंभापर्यंत निकाल आला नाही. तो का नाही आला, हे अण्णांनी कुणाला सांगितलं नाही.

दीड महिन्यानं निकाल आला. फोनवर सांगवेना, म्हणून मी यशवंतपूरला त्यांच्या घरी गेलो. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात.

"अण्णा, दाण्यांनी औषध पकडलं. दुसरं काहीच पकडलं नाही."

ते खुर्चीत बसले. चष्मा पुसला. मग म्हणाले, "घरी कळवलंस?"

"आईला काय कळणार त्यातलं?"

"लाव फोन."

माझ्या आईशी ते पहिल्यांदाच बोलत होते. "ताई, म्हशीला सुई टोचली की काही दिवस डेअरीला दूध घालत नाही ना आपण? त्या दुधात औषध उरलंय का, ते सांगणारा दाणा तुमच्या पोरानं केलाय." मग बराच वेळ बोलले. म्हशीचं नावही विचारून घेतलं.

फोन परत देताना हळूच म्हणाले, "सगळं कळलं त्यांना. मलाही कुणाला तरी सांगायचंच होतं रे."