टोपीकरी शब्दाने सरदाराची गादी सरकली त्याची हकीकत

श्री. ज्या देवीने माणसास जीभ दिली आणि जिभेस हाड द्यावयाचे राहिले, तिचे चरणी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली ऐसी जे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध दशमीस महाराजांचा दरबार भरला, आणि राजकन्या मैनाबाईसाहेब चिकाच्या पडद्याआड बसून पाहात होत्या. वैशाखात त्यांचे लग्न सरदार हिरोजी पायगुडे यांजशी जाहले होते. हिरोजींनी दोन गड जिंकिले, म्हणून महाराजांनी आपण होऊन कन्या दिली आणि पहिल्या ओळीत गादी दिली. परंतु हिरोजींचा आजा तोफखान्यात बैलांस पेंड घालीत असे, हे सभेत एकही माणूस विसरला नव्हता. मग टोपीकर इंग्रजांच्या वकिलाचा खलिता आला, आणि दुभाषी नागेश शेणवी वाचो लागले. त्यात हिरोजींचे नाव आले, आणि पुढे शब्द आला ‘डिस्पॅरेज’. शेणवी अडखळले, मग घसा खाकरून बोलिले, “महाराज, हा शब्द मूळचा फरासिसांचा. ‘पराज’ म्हणजे बरोबरीच्यांची बैठक. थोर घरची कन्या हलक्या घरी दिली आणि ती बैठक मोडली, की त्यास हा शब्द. टोपीकर लिहितो, त्यांचे लोक सरदारांविषयी ऐसे बोलतात.” मैनाबाईंस वाटले, आता कोणी तरी रागे भरेल, मिशीवर हात नेईल! कोणी नेला नाही. अवघे बिछायतीकडे पाहात राहिले.

दुसरे दिवशी हिरोजींची गादी दुसऱ्या ओळीत होती. कोणी सरकविली हे कोणी विचारिले नाही. आठा दिवसांत ती खांबापाशी गेली, आणि मग लोकांच्या जिभा सुटल्या. आत्याबाई पान लावता लावता म्हणाल्या, “अगो मैना, जावईबापूंच्या हातास अजून पेंडीचा वास येतो गो!” आणि बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. हिरोजी घरी येऊन इतकेच म्हणाले, “खांबापाशी वारा बरा लागतो.” मग घाटात शत्रू उतरल्याची बातमी आली, आणि हिरोजी दोनशे माणसांनिशी घाट अडवावयास गेले. पाठीमागून कुमक पाठवावयाची ठरली, आणि सभेत ताट फिरले, ताटात विडा. जो उचलील त्याने कुमक न्यावी. थोरले सरदार बोलिले, “त्यांचे हाताखाली आम्ही लढावे? आमचे बैल नाहीत, घोडे आहेत.” हशा पिकला आणि विडा ताटातच राहिला.

चौथे दिवशी टोपीकर वकील निरोप घ्यावयास आला, खांबापाशीची गादी पाहून चकित जाहला, आणि काही बोलिला. शेणवी पांढरे पडले. पडद्याआडून बाईसाहेब कडाडल्या, “शेणवीबाबा, गिळू नका. पुरते सांगा!” तेव्हा शेणवी हात जोडून म्हणाले, “बाईसाहेब, घात जाहला. माझा कोश आज्याच्या वेळचा, कायद्याचा. वकील म्हणतो, आता या शब्दाने लग्न मोजीत नाहीत. नुसते हलके लेखणे, तुच्छतेने बोलणे, इतकाच अर्थ. वकिलाने लिहिले होते की, वखारीतले उनाड लोक सरदारांस हलके लेखितात, त्यांस आम्ही ताकीद दिली. तो सरदारांचा कैवार होता!” बाईसाहेब रीतभात सोडून पडद्याबाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आबासाहेब, ऐकिलेत ना? मग आता तरी विडा उचलवा!” महाराज हळू बोलिले, “बाळ, अर्थ चुकला खरा. पण त्या दिवशी सभेत तो कोणास खोटा वाटला नाही. मलाही नाही.” बाईसाहेबांनी ताटाकडे पाहिले. पानाच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

सहावे दिवशी घाटातून तेवीस माणसे परतली, आणि त्यांनी हिरोजींची पगडी आणिली. मग मैनाबाईसाहेबांनी खांबापाशीची गादी आपल्या हाताने उचलिली, पहिल्या ओळीत आणून मांडिली, वर पगडी ठेविली, आणि अवघ्या सभेस म्हणाल्या, “आता उठवा त्यांना.” कोणी उठविले नाही. पडद्याआड आत्याबाईंच्या हातचे पान हातातच राहिले.

पुढे शेणव्यांनी कोशात जुना अर्थ ठेवून त्याखाली नवा लिहिला. त्याखाली बाईसाहेबांनी कलम मागून तिसरा लिहिला, तो असा: “ताटातला विडा सुकू देणे.” त्या शब्दाची हकीकत इतकी, आणि राज्याचीही तितकीच. वाचणाराने अक्षरास हसावे, हिरोजींस हसू नये. लेखनसीमा.