रामूआण्णांचा पारा

मासे घेताना लोक डोळे बघतात, कल्ले उचलून बघतात. आमचे शेजारी रामूआण्णा मासा कोपरापासून बोटांपर्यंत धरून मोजतात. हातापेक्षा लांब निघाला की परत. "म्हातारा हाय ह्यो. लय पारा खाल्लाय."

कवठे महांकाळच्या बाजारातली मासेवाली हसीनाभाभी कपाळावर हात मारते. "आवं आण्णा, तलावातला कटला हाय!"

"आसूंदे. नेम म्हंजे नेम."

तोवर मागची दोन गिऱ्हाइकं सटकलेली असतात.

आमच्या दुष्काळी भागात माणसाला घोर विहिरीचा. आण्णांना मात्र अरबी समुद्राचा. त्याला कारण होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी समुद्रातल्या गॅसच्या पाइपांवर वेल्डिंग केलं. एकदा बंद पडलेल्या लाइनीचा तुकडा जहाजावर घेतला. आण्णांनी आतली काळी खपली खरवडली, तर चकचकीत थेंब घरंगळले. गॅसबरोबर जमिनीतला पारा येतो आणि पोलादाला चिकटत जातो, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. उरलेली लाइन मात्र तळालाच सोडून दिली.

"पाइप गंजंल. पारा गाळात, गाळातनं किड्यात, किड्यातनं बारक्या माशात, बारक्यातनं मोठ्यात!" ही साखळी आण्णा लग्नात सांगत, मयतीला सांगत, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याशी वस्तरा असतानाही सांगत.

मी एकदा विचारलं, "पण नक्की किती पारा असेल, आण्णा?"

"ठावं न्हाई. कुणालाच ठावं न्हाई. म्हणून तर म्हंतोय, मोजा की!"

त्या दिवसापासून मी त्यांचे सरकारी कचेऱ्यांना पाठवायचे अर्ज लिहून देऊ लागलो. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग एके दिवशी ते कोरा कागद घेऊन आले आणि बराच वेळ उंबऱ्यातच उभे राहिले. "गुरुजी, आज कचेरीला न्हाई. इहीणबाईस्नी लिवायचंय."

आण्णांची बायको मागेच वारली होती. एकुलती लेक कोकणात दिलेली. सासरच्या तीन होड्या, सगळं घर मासळीवर चाललेलं. लेकीला सातवा महिना असताना आण्णा भेटायला गेले. विहीणबाईंनी कौतुकानं सुनेच्या ताटात सुरमई वाढली. आण्णांनी चारचौघांत ती उचलून बाजूला ठेवली आणि साखळी सुरू केली. जावई ताटावरून उठला. त्यानंतर येणं-जाणं बंद. नात तीन वर्षांची झाली, आण्णांनी तिला पाहिलेलं नव्हतं.

"काय लिहू?"

"चुकलं म्हणून लिवा." कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पाऱ्याचं न्हाई चुकलं. माझं चुकलं. ताटाला हात लावायचा नव्हता."

आठवड्याभरात जावयाचा फोन आला. या म्हणाला. फक्त समुद्राचा विषय काढायचा नाही.

आण्णा आनंदले असतील म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर ते पिशवी न भरताच भिंतीला टेकून बसलेले.

"गुरुजी, लोकं नातवंडांशी काय बोलत्यात ओ?"

"नाव विचारा. काय जेवलीस विचारा."

"जेवणाचं नगं. त्यातनं मासं निघत्यात." ते घाबरून म्हणाले. "दुसरं काय यीतंय मला? घरात बोलायला कोन हाय? बोलायचं इसरून गेलोय मी."

मी पेढ्यांचा पुडा सोडून त्यांच्यापुढे धरला. मग एकदम त्यांची मान वर झाली. "ल्हानपणी शेळ्या राखायचो मी. शेळीचं सांगू का?"

"सांगा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडलं. गाडी हलली. खिडकीशी आण्णा एकटेच होते. नजर समोर रस्त्यावर. जीभ टाळूला लावून ते हळूच शेळ्यांना घालायची हाक घालून बघत होते. बरोबर येईना, म्हणून पुन्हा घालत होते.